डिस्क सांभाळणाऱ्याने संशोधन परिषदेला जावे का?

प्रश्न : आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी कळव्याला राहते आणि ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज विभागात गेली नऊ वर्षे काम करते. बहुतेक वेळा रात्रपाळी असते. शिक्षण बी.एस्सी. आयटी. या वर्षी आमच्या साहेबांनी मला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा येथील 'फास्ट' परिषदेला जायचे का, असे विचारले आहे. नोंदणी आणि विमानभाडे कंपनी देईल. व्हिसा, राहणे, जेवणखाण माझे, आणि ते दिवस माझ्या रजेतून जाणार. मी त्या परिषदेचे दोन शोधनिबंध उघडून पाहिले, पण तिसऱ्या पानाच्या पुढे काही समजले नाही. तिथे सगळे पीएच.डी. झालेले असणार, मी बसून काय करणार? आमचे हे म्हणतात, भाषणे नंतर इंटरनेटवर येतातच, घरी बसून पाहा. मुलगा दुसरीत आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एकाच लॉटच्या चार डिस्क तीन आठवड्यांत गेल्या, त्यातली एक तर दुसरीचे रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करणे) चालू असताना गेली. डेटा वाचला, पण हे का झाले ते समजून घ्यावे असे तेव्हापासून सारखे वाटत राहते. जावे की न जावे? – एक वाचक, कळवा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातला बराचसा भाग न जाण्याच्या कारणांचा आहे आणि जाण्याचे कारण तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे लिहिले आहे. मी पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या चार डिस्कपाशीच थांबलो. माझे मत आधीच सांगतो : तुम्ही जावे, पण काही अटींवर आणि पूर्वतयारी करून. त्या अटींकडे मी पुढे येतो, कारण त्याआधी तुमच्या मनातली एक समजूत दूर होणे मला अधिक गरजेचे वाटते.

ती समजूत अशी, की संशोधन परिषद म्हणजे जाणकारांनी बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे. गणिताच्या किंवा तर्कशास्त्राच्या एखाद्या शाखेत ते काही अंशी खरे असेलही, पण साठवणुकीच्या शास्त्रात ते खरे नाही. डिस्क कशी बिघडते हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. त्यासाठी हजारो डिस्क वर्षानुवर्षे चालाव्या लागतात, आणि कोणती डिस्क कोणत्या दिवशी बदलली याची नोंद कोणीतरी न कंटाळता ठेवावी लागते. ती नोंद विद्यापीठात नसते. ती तुमच्यासारख्या माणसांच्या शिफ्टच्या रजिस्टरमध्ये आणि टिकेटमध्ये असते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण याच परिषदेतले आहे. 'फास्ट' ही युझनिक्स या संस्थेची फाइल आणि स्टोरेज तंत्रज्ञानावरची परिषद, जी 2002 साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे प्रथम भरली. 2007 च्या परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी एक निबंध मांडला. हे गिब्सन म्हणजे 1988 साली पॅटरसन आणि कॅट्झ यांच्यासह 'रेड'ची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा वाचवण्याची, कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, म्हणजे तुम्ही रोज ज्या पॅरिटी गटांवर (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता येईल अशी जादा माहिती ठेवणाऱ्या डिस्कच्या गटांवर) लक्ष ठेवता त्यांच्या जनकांपैकी एक. डिस्कच्या माहितीपत्रकावर दोन बिघाडांमधला सरासरी काळ दहा लाख तास किंवा त्याहून अधिक असल्याचे छापलेले असते. वर्षाचे 8,760 तास धरले तर दहा लाख तास म्हणजे सुमारे 114 वर्षे होतात, आणि त्या हिशेबाने शंभर डिस्कमागे वर्षाला सरासरी जेमतेम एक डिस्क जायला हवी. या दोघांनी सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला 2 ते 4 टक्के डिस्क बदलल्या जाणे ही सर्रास आढळणारी गोष्ट निघाली, आणि काही ठिकाणी तर हे प्रमाण 13 टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. माहितीपत्रकावरचा आकडा आणि मशीन हॉलमधला अनुभव यांतले हे अंतर तुमच्यासारख्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते क्वचितच कोणी मोजून लिहिलेले होते. ज्यांनी त्या नोंदी पुरवल्या, त्यांच्याशिवाय तो निबंध होऊच शकला नसता.

त्याच निबंधात तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. आपण रेडचा हिशेब करताना असे गृहीत धरतो, की एक डिस्क गेली याचा दुसरी जाण्याशी काही संबंध नाही. नोंदींनी वेगळेच सांगितले : ज्या आठवड्यात जास्त डिस्क बदलाव्या लागल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यातही जास्त बदलाव्या लागण्याचा संभव अधिक होता. बिघाड एकेकटे न येता एकमेकांच्या मागोमाग येतात. तीन आठवड्यांत चार डिस्क जाणे हे निव्वळ दुर्दैव होते, असे तुम्ही मनाला समजावले असेल, तर तसे मानण्याचे कारण नाही.

शिवाय रिबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क जाणे, किंवा तिच्यावरचा एखादा भाग वाचताच न येणे, हा या शास्त्रातला जुना आणि अजूनही जिवंत प्रश्न आहे. 2004 च्या परिषदेत दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा वाचवणारी दुहेरी पॅरिटीची एक पद्धत मांडली गेली, ती याच भीतीपोटी. 2008 मध्ये 15 लाखांहून अधिक डिस्कच्या 41 महिन्यांच्या नोंदी तपासून असे दाखवले गेले, की डिस्क कसलीही तक्रार न करता चुकीचा डेटा परत देते अशा चार लाखांहून अधिक घटना चेकसममुळे (डेटासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे) उघडकीला आल्या, आणि त्यातल्या सरासरी 8 टक्के रिबिल्डच्याच वेळी सापडल्या. डेटा सर्वांत उघडा पडलेला असतो ती नेमकी हीच घडी. तुमच्याकडे स्क्रबिंग, म्हणजे न मागितलेलाही डेटा ठरावीक काळाने वाचून तपासण्याचे काम, महिन्यातून किती वेळा चालते ते या निमित्ताने पाहून ठेवा.

आता गेल्या पावसाळ्याकडे वळू. पत्रात तुम्ही 'एकाच लॉटच्या' असेही लिहिले आहे आणि 'पावसाळ्यात' असेही. या दोन शब्दांत दोन वेगवेगळी कारणे दडलेली आहेत. 2016 च्या परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला गेला होता. बाहेरची हवा आत घेऊन थंडावा राखणाऱ्या सेंटरमध्ये तापमानापेक्षा हवेतला ओलावा डिस्कच्या बिघाडाला अधिक कारणीभूत ठरतो, आणि ही वाढ मुख्यतः डिस्कच्या कंट्रोलरशी (तिला चालवणाऱ्या सर्किटशी) आणि जोडणीशी संबंधित असते, असे त्यात दिसले. तुमचे सेंटर बंदिस्त असणार आणि तिथे चिलर असणार, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक कारखाने आणि वर चार महिने धो धो पाऊस, अशा जागी असलेल्या हॉलमध्ये ओलावा किती काटेकोरपणे आटोक्यात राहतो, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्याच इमारतीत आहे.

ते शोधायची रीतही अवघड नाही. ओलावा हे कारण असेल, तर त्याच रॅकमधल्या इतर लॉटच्या डिस्कनाही त्या आठवड्यांत त्रास झालेला दिसला पाहिजे. लॉट हे कारण असेल, तर त्या लॉटच्या ज्या डिस्क दुसऱ्या हॉलमध्ये लावल्या आहेत, त्याही वेळेआधी जायला हव्यात. त्या तीन आठवड्यांची ओलाव्याची नोंद इमारत सांभाळणाऱ्या विभागाकडून मागून घ्या आणि डिस्क बदलल्याच्या तारखा तिच्याशेजारी लिहा. चार डिस्कवरून काहीही सिद्ध होत नाही हे मी जाणतो आणि तुम्हीही मनाशी धरून ठेवा. पण नऊ वर्षांच्या नोंदी अशाच मांडल्या, तर जे दिसेल ते पाहायला त्या परिषदेतली अनेक माणसे आपला चहा टाकून तुमच्यापाशी येतील, याची मला खात्री आहे.

ही खात्री मला उगाच वाटत नाही. मी ठाण्यातल्या एका संस्थेच्या संगणक विभागात पंचवीस वर्षे टेप आणि डिस्क सांभाळल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका परिषदेत एका तरुण संशोधकाने डेटा किती सुरक्षित राहतो याचे एक सुंदर गणित मांडले. त्यात गेलेली डिस्क काही तासांत बदलली जाते, असे गृहीत धरलेले होते. आमच्याकडे स्पेअर डिस्क मुंबईच्या गोदामातून ठाण्यात यायला तीन दिवस लागत आणि मध्ये सुट्टी आली तर पाच, आणि ते सगळे दिवस आमचा गट पॅरिटीशिवाय चालत असे. मला ते बोलायचे होते. माझ्या वहीत तारखा होत्या. पण पुढच्या रांगेत मोठे लोक बसलेले होते, माझे इंग्रजी अडखळत होते, आणि मी गप्प राहिलो. जेवणाच्या वेळी तोच तरुण दुसऱ्या एकाला सांगताना मी ऐकला, की बदलीला खरोखर किती वेळ लागतो याची माहिती त्याला कोणी देत नाही, म्हणून तो अंदाजाने आकडा घालतो. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि तुमच्या पत्राला इतके सविस्तर उत्तर लिहिण्याचे कारण तीच आहे.

म्हणून तयारीची सुरुवात निबंधांपासून नको, वहीपासून करा. प्रत्येक बदललेल्या डिस्कसाठी तिचे वय, लॉट, रॅक, बिघाड कसा लक्षात आला, स्पेअर किती वेळात आली आणि रिबिल्डला किती तास लागले, एवढे एका ओळीत मांडा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल आपणहून देते त्या, इशाऱ्यांची नोंद असेल तर तीही घ्या. 2007 मध्येच गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्कवरून दाखवले होते, की गेलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार सर्वांत महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवलेली नव्हती. तुमच्याकडे काय दिसते ते ताडून पाहा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली होती. त्या दिवशी जनरेटरने वेळेवर भार घेतला असेल, तर तुमच्या डिस्कना काही कळलेही नसेल. पण एखादा रॅक बंद करावा लागला असेल, तर पुन्हा चालू करताना किती डिस्क उठल्याच नाहीत हे शोधून लिहा. अशी नोंद सहसा कोणाकडे नसते.

इथेच पहिली अट येते. ही माहिती कंपनीची आहे, तुमची नाही. त्यातला कोणता भाग बाहेर बोलायचा याची परवानगी साहेबांकडून लेखी घ्या, आणि ग्राहकांची नावे, रॅकची संख्या, डिस्क बनवणाऱ्याचे नाव यांतले काहीही तोंडून जाऊ देऊ नका. याने प्रश्नाचे मोल कमी होत नाही. श्रोडर आणि गिब्सन यांच्या निबंधातही नोंदी देणाऱ्या ठिकाणांना 'एचपीसी-1', 'कॉम-1' अशीच नावे दिलेली आहेत. परवानगी मिळाली नाही, तर त्याच वहीच्या आधारे प्रश्न विचारा, आकडे सांगू नका.

निबंध समजत नाहीत, याबद्दल. तिसऱ्या पानावर अडणे हे तुमच्या पदवीमुळे झालेले नाही. पहिल्या पानापासून सरळ पुढे वाचत गेल्यामुळे झाले आहे. आधी गोषवारा आणि प्रस्तावना वाचा, मग एकदम आलेखांकडे जा, प्रत्येक आलेखात आडव्या आणि उभ्या रेघेवर काय आहे ते स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा, मग निष्कर्ष वाचा, आणि रचनेचा मधला भाग सर्वांत शेवटी, तोही गरज वाटली तर. वर सांगितलेले बिघाडांवरचे निबंध तुम्हाला सोपे जातील, कारण त्यातले शब्द तुमच्या रोजच्या कामातले आहेत. फाइल सिस्टिमच्या अंतरंगावरचे निबंध जड जातील; त्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रेम्झी आणि आंद्रेआ अर्पाची-दुसो यांचे 'ऑपरेटिंग सिस्टिम्स : थ्री ईझी पीसेस' हे पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यातली डिस्क, रेड, जर्नलिंग आणि डेटाची अखंडता ही चार प्रकरणे जाण्यापूर्वी वाचून काढा. ठाण्याहून ऐरोलीला जाताना लोकलमध्ये बसायला मिळत असेल, तर तीन महिन्यांत ती आरामात होतील.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी हलके मानत नाही. युझनिक्स आपल्या परिषदांचे निबंध सर्वांना विनामूल्य खुले ठेवते, हे खरे आहे, आणि व्याख्याने ऐकण्यापुरताच विचार केला तर घरी बसून ती दोनदा थांबवून, मागे नेऊन अधिक चांगली ऐकता येतील. पण तुम्हाला व्याख्याने ऐकायची नाहीत. तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि त्यासाठी समोर माणूस लागतो. म्हणून तिथे गेल्यावर प्रत्येक सत्राला बसण्याचा अट्टहास करू नका. पोस्टर सत्राला मात्र पहिल्या मिनिटापासून हजर राहा. तिथे संशोधक आपापल्या फलकाशेजारी उभे असतात, बहुतेक जण पंचविशीतले विद्यार्थी असतात, आणि कोणीतरी येऊन विचारावे याचीच ते वाट पाहत असतात. "तुम्ही हे गृहीत का धरले? आमच्याकडे असे घडत नाही," एवढी दोन वाक्ये इंग्रजीत पाठ करून गेलात, तरी पुढचे बोलणे तेच सुरू करतील. या परिषदेत मूळ संशोधनाबरोबरच प्रत्यक्ष चालू असलेल्या मोठ्या यंत्रणांच्या अनुभवावरचे निबंधही स्वीकारले जातात, आणि त्यात नवी कल्पना असलीच पाहिजे अशी अपेक्षा नसते. काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल असे काही असावे, एवढे पुरते. अशा निबंधांची सत्रे चुकवू नका.

आता पैसे आणि घर. दुसरी अट ही, की यासाठी कर्ज काढायचे नाही आणि मुलाच्या नावावरच्या ठेवीला हात लावायचा नाही. तसे करावे लागणार असेल, तर या वर्षी जाऊ नका. वही मात्र आजपासूनच सुरू करा आणि आधी भारतातल्या परिषदेला जा. हायपीसी ही उच्च क्षमतेच्या संगणनाची परिषद दरवर्षी भारतातल्याच एखाद्या शहरात भरते. तिचा भर स्टोरेजवर नसला तरी स्टोरेजचे लोक तिथे भेटतात, आणि प्रवासाचा खर्च आटोक्यात राहतो. तिसरी अट साहेबांकडे मागायची आहे. तुम्ही कंपनीच्या कामासाठी जात आहात, तेव्हा ते दिवस रजेत न धरता कामावरची हजेरी धरली जावी, असे लेखी मागा, आणि त्याच पत्रात परत आल्यावर काय द्याल तेही लिहा : स्क्रबिंगचे वेळापत्रक, एकाच गटात एकाच लॉटच्या डिस्क किती असाव्यात याबद्दलची शिफारस, आणि स्पेअरचा साठा जागेवरच ठेवण्याचा हिशेब. अशा पत्राला नकार देणे साहेबांना सोपे जात नाही. माझ्या मते हीच अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रजा घालवून गेलेले माणूस परत आल्यावर आपले म्हणणे मांडायलाही संकोचते.

व्हिसाचे काम मागे ठेवू नका. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते आणि तिची तारीख मिळायला काही वेळा महिने लागतात, तर परिषद अलीकडे फेब्रुवारीत असते. नोंदणी झाली की आयोजकांकडून निमंत्रणाचे पत्र मागवून घ्या.

मुलाशी बोलण्याची वेळही आधीच ठरवून ठेवा. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा कळव्याला दुसऱ्या दिवसाचे सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे शाळेला निघण्यापूर्वी त्याच्याशी रोज बोलता येईल. आणि तिथे सकाळी नऊला पहिले सत्र सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. बाकीच्या भारतीय पाहुण्यांना त्या वेळी डुलक्या येत असतील. तुमच्या शरीराला मात्र नऊ वर्षांपासून तीच कामाला लागायची वेळ आहे.

एक दिवस जास्त मिळाला, तर सांता क्लाराच्या शेजारच्या माउंटन व्ह्यूमधले संगणक इतिहास संग्रहालय पाहून या. आयबीएमने 1956 साली बाजारात आणलेला रॅमॅक, म्हणजे जगातली पहिली हार्ड डिस्क असलेली यंत्रणा, तिथे ठेवलेली आहे : 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या आणि त्यांवर मावणारी जेमतेम 50 लाख अक्षरे. ती सॅन होजेत, त्याच परिसरात घडली.

पत्र साहेबांना द्यायच्या आधी मला कच्चा मसुदा पाठवलात, तर मी तो आनंदाने वाचीन. त्या तीन आठवड्यांची ओलाव्याची नोंद हाती आली, तर तीही कळवा. लॉट की ओलावा, हे जाणून घ्यायची मलाही तुमच्याइतकीच उत्सुकता आहे.